आईच्या पायांवर तीन आठवडे राहिलेली त्वचा

शुक्रवार, १६ मे २०२५. आमच्याकडे देवगड तालुक्यात हे दिवस आंबा आटवायचे. डागी, देठाजवळ नरम पडलेला हापूस पेटीत भरता येत नाही आणि टाकवतही नाही, म्हणून त्याचा रस काढून मागीलदारी चुलीवर आटवतात. त्या दिवशी आईने सकाळी आठलाच मोठा टोप चढवला होता. आटत आलेला रस पाण्यासारखा उकळत नाही, त्याचे बुडबुडे फुटतात आणि शिंतोडे लांबवर उडतात. अंगावर पडला की ओघळून जात नाही, तिथेच चिकटून भाजत राहतो. साडेदहाच्या सुमारास टोप उतरवताना चुलीचा एक दगड सरकला आणि पाच-सहा लिटर रस आईच्या मांड्यांवरून पावलांपर्यंत आला. तिचं पहिलं वाक्य होतं, "लाकडां ओढ गो आदी, रस करपतलो." आई तेव्हा एकसष्ट वर्षांची होती.

मी प्राथमिक शाळेत शिकवते, वैद्यकीय शिक्षण काही नाही. पण त्या दिवसापासून पुढचे सात आठवडे मी एका वहीत तारखा, खर्च आणि डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं लिहून ठेवलं. त्या वहीवरूनच हे लिहिते आहे. कोकणात भाजण्याच्या घटना काही कमी नाहीत. न्हाणीघरातला हंडा, काजू भट्टी, पेजेचा टोप, चूल. पण भाजलेल्या माणसाला घेऊन कुठे जायचं, काय विचारायचं, हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं.

पहिल्या दहा मिनिटांत आमच्या हातून दोन चुका झाल्या. मी बादलीभर पाणी ओतलं आणि थांबले. ओतत राहायला हवं होतं, निदान वीस मिनिटं, साधं वाहतं पाणी, बर्फ नाही. भाजल्यापासून तीन तासांच्या आत केलं तरी त्याचा उपयोग होतो, हे मला नंतर कळलं. दुसरी चूक, शेजारच्या काकूंनी मायेपोटी धावत येऊन टूथपेस्ट आणि हळद लावली. ती पुढे दवाखान्यात खरवडून काढावी लागली, तेव्हा आई पहिल्यांदा ओरडली. परकर पायाला चिकटला होता तो आम्ही ओढला नाही, एवढं एक बरं केलं. आणखी एक गोष्ट कुणाच्याच ध्यानात आली नाही, ती म्हणजे जोडवी. दवाखान्यात पोचेपर्यंत बोटं इतकी सुजली होती की कटरने जोडवी कापावी लागली. भाजलं की जोडवी, अंगठ्या, बांगड्या, पैंजण लगेच उतरवा, सूज यायला तासही लागत नाही.

१०८ ची गाडी पस्तीस मिनिटांत आली. जवळच्या सरकारी दवाखान्यात सलाईन, धनुर्वाताचं इंजेक्शन, लघवीची नळी झाली आणि "मोठ्या रुग्णालयात न्या" असं सांगितलं. घाटाखालच्याच एका खाजगी रुग्णालयात खाट मिळाली, तिथे आम्ही गेलो. भाजण्याची केस म्हणजे पोलिसांत नोंद होतेच, तिला एमएलसी म्हणतात. संध्याकाळी हवालदार आले, आम्हाला सगळ्यांना बाहेर पाठवून आईचा जबाब घेतला. घरातलं माणूस वेदनेने कण्हत असताना हे फार लागतं मनाला. पण बाईमाणूस भाजलं की हे विचारलं जातं आणि विचारलं जायलाच हवं, हे मला नंतर पटलं. एमएलसी क्रमांक कागदावर लिहून घ्या. पुढे रुग्णालय बदलताना आणि सरकारी योजनेसाठी तो आमच्याकडे दोनदा मागितला गेला.

त्या रुग्णालयात आम्ही आठ दिवस राहिलो. रोज सकाळी ड्रेसिंग. आदल्या दिवशीची पट्टी पाणी टाकून टाकून सोडवायची, जखम पुसायची, वर पांढरं मलम लावायचं, पुन्हा गुंडाळायचं. ते मलम चांदीचं, सिल्व्हर सल्फाडायझीन, १९६८ पासून जगभर भाजल्यावर वापरलं जातं आणि त्यात वाईट काही नाही. पण हे रोजचं सोडवणं सव्वा-दीड तास चालायचं. वॉर्डची गाडी ढकलल्याचा आवाज आला की आई डोळे मिटून हरिपाठ सुरू करायची. ती माळकरी आहे. नवव्या-दहाव्या अभंगाला आवाज फुटायचा आणि मी बाहेरच्या बाकावर जाऊन बसायचे.

पाचव्या दिवशी, २० तारखेला, पट्टी सुटली तेव्हा गॉजवर हिरवट निळसर डाग होते. कल्हई गेलेल्या पितळी भांड्यात चिंच राहिली की हिरवा कळंक चढतो, अगदी तोच रंग. आणि वास गोडसर, उतरलेल्या फळासारखा. त्या रात्री ताप १०२ वर गेला. मी विचारलं तर "होतं असं, अँटिबायोटिक बदललंय" एवढंच उत्तर. पुवाचा नमुना कल्चरला, म्हणजे कोणता जंतू आहे ते तपासायला, गेला, रिपोर्ट तीन दिवसांनी आला, स्युडोमोनास. त्या जंतूच्या लॅटिन नावातला दुसरा शब्द, एरुजिनोसा, हा मुळात तांब्यावरच्या हिरव्या कळंकासाठीच्या शब्दावरून आला आहे, हे कळलं तेव्हा अंगावर काटा आला. मला जे गॉजवर दिसलं तेच कुणीतरी शंभर-दीडशे वर्षांपूर्वी पाहिलं होतं.

नवं इंजेक्शन रोज दोन हजारांच्या वर पडत होतं आणि ताप उतरत नव्हता. चौकशी करता एकाने विचारलं, "तिथे प्लास्टिक सर्जन आहे का?" नव्हता. भाजलेल्या रुग्णासाठी प्लास्टिक सर्जन लागतो हे आम्हाला माहीतच नव्हतं, आम्हाला तो शब्द फक्त नाकाडोळ्यांच्या शस्त्रक्रियेसाठी ठाऊक. कोल्हापुरात एक रुग्णालय कळलं जिथे भाजलेल्यांचा वेगळा विभाग होता. २४ मे रोजी, शनिवारी, आठ दिवसांचं ७८,००० रुपयांचं बिल भरून आम्ही निघालो. त्या वर्षी पाऊस मे महिन्यातच कोसळला होता. फोंडा घाटात धुकं आणि पाणी, रुग्णवाहिकेचे ६,५०० रुपये, मी आईच्या पायांवरची चादर एका हाताने वर उचलून धरलेली, कारण चादरीचा स्पर्शसुद्धा तिला सोसत नव्हता. राधानगरी येईस्तोवर माझा हात बधिर झाला होता.

कोल्हापूरच्या सर्जननी पट्टी उघडून पाहिली, केसपेपरच्या मागे माणसाची आकृती काढली आणि पायांवर रेघा मारल्या. आधीच्या कागदावर बारा टक्के लिहिलं होतं, ते अठरा निघाले. रुग्णाच्या स्वतःच्या हाताचा पंजा, बोटांसकट, म्हणजे अंगाचा साधारण एक टक्का, असं मापतात. त्यातले दहा टक्के खोल होते. मग त्यांनी जे सांगितलं ते मी वहीत शब्दशः उतरवलं, कारण आठ दिवस मला हेच कुणी सांगितलं नव्हतं.

खोल भाजलेली कातडी मेलेली असते. तिच्यात रक्त खेळत नाही. शिरेतून दिलेलं औषध रक्तातून जातं, म्हणजे जिथे रक्तच पोचत नाही तिथे औषधही पोचत नाही. वर ऊब आहे, ओल आहे, मेलेलं प्रथिन आहे, जंतूंना आणखी काय हवं? म्हणून ती मेलेली कातडी शस्त्रक्रियेने काढायची. पण काढल्यावर खाली जी उघडी जखम राहते तिच्यातून दिवसरात्र पाणी आणि प्रथिनं झिरपतात आणि बाहेरचे जंतू आत शिरतात. ती जखम लगेच झाकायला हवी. सगळ्यात चांगलं झाकण म्हणजे रुग्णाची स्वतःची त्वचा. पण आईच्या अंगात ताप, जखमेत जंतू, प्रथिनं घसरलेली. अशा जखमेवर स्वतःची त्वचा लावली तर जंतू ती खाऊन टाकतात आणि मांडीवर त्वचा काढल्याची आणखी एक जखम उरते. म्हणून मधल्या काळासाठी तात्पुरतं झाकण लागतं. कापसा-गॉजचं नव्हे, सजीवापासून आलेलं. त्याला ते बायोलॉजिकल ड्रेसिंग म्हणत होते.

मला हे फार नवं वाटलं, पण ते तसं नाही. बाळंतपणात वारेसोबत येणारी पातळ पारदर्शक पिशवी, गर्भावरण, भाजलेल्या जखमेवर लावण्याचे प्रयोग १९१० च्या सुमारास झालेले आहेत. बाळंतिणीच्या रक्ताच्या तपासण्या करून घेतलेलं ते आवरण वरवरच्या भाजण्यावर अजूनही काही ठिकाणी वापरतात. परदेशात डुकराची त्वचा वापरतात, ब्राझीलमध्ये तिलापिया माशाची. आपल्याकडे औषधाच्या दुकानात मिळतात ते कोलॅजनचे पातळ कागदासारखे तुकडे, बहुतेक करून गुराढोरांच्या किंवा माशांच्या ऊतींपासून बनवलेले. ते स्वच्छ, वरवरच्या जखमेवर चांगलं काम करतात, पण पू असलेल्या खोल जखमेवर टिकत नाहीत. आणि चौथा पर्याय, मृत्यूनंतर दान केलेली माणसाची त्वचा.

सर्जननी हे सगळं आईसमोरच सांगितलं, कोलॅजन कशाचं असतं तेही. मला वाटलं, माळकरी बाई, दोन्हीला नाही म्हणेल. प्रेताची कातडी हे शब्द माझ्याच घशात अडकले होते. ती बराच वेळ छताकडे बघत होती. मग म्हणाली, "जनावराक कोणी इचारल्यान? माणसान आपणहून दिल्यान मां? मगे चलात माका."

सर्जननी मान डोलावली आणि अर्ज भरायला घेतला.

मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात २००० साली त्वचापेढी, म्हणजे दान केलेली त्वचा साठवण्याची सोय, सुरू झाली. पुढे नव्या मुंबईत ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्ये झाली आणि आता इतरही शहरांत आहेत. अर्ज रुग्णाने नव्हे, रुग्णालयाने करायचा असतो. त्यावर रुग्णाचं नाव, वय, भाजल्याची टक्केवारी, किती चौरस सेंटिमीटर त्वचा हवी, शस्त्रक्रियेची तारीख, सर्जनची सही, नोंदणी क्रमांक आणि शिक्का. आमच्या अर्जावर १,५०० चौ. सें.मी. होते. दादा मुंबईला असतो. त्याने मूळ अर्ज, आईच्या आधारची प्रत आणि एमएलसीची प्रत घेऊन पेढी गाठली. फोटो काढून पाठवलेला अर्ज चालेल असं गृहीत धरू नका, आधी फोन करून विचारा. आमचा अर्धा दिवस त्यात गेला.

त्वचा विकत मिळत नाही. अवयव आणि ऊती यांची खरेदी-विक्री कायद्याने गुन्हा आहे. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यात २०११ च्या दुरुस्तीने ऊतींचाही समावेश झाला. पेढी घेते तो खर्च दात्याच्या रक्ततपासण्या, प्रक्रिया आणि साठवणीचा. आमची पावती २१,००० रुपयांची झाली. क्षेत्रफळाप्रमाणे आणि पेढीप्रमाणे हा आकडा बदलतो.

दादा २७ मेच्या रात्रीच्या बसने निघाला. थर्माकोलची पेटी, आत बर्फाच्या पिशव्या, त्यात डबीबंद त्वचा, ८५ टक्के ग्लिसरॉलमध्ये ठेवलेली. ग्लिसरॉल पाणी शोषून घेतं, त्यामुळे जंतू वाढत नाहीत आणि चार ते आठ अंश तापमानात अशी त्वचा पाच वर्षांपर्यंत टिकते. वाहकाने पेटी डिकीत टाकायला सांगितली. दादाने दिली नाही. पायाशी ठेवायलाही त्याचं मन धजावलं नाही. पनवेलपासून कोल्हापूरपर्यंत ती पेटी त्याने मांडीवर धरली होती. सकाळी साडेसहाला रुग्णालयाच्या दारात मी ती हातात घेतली तेव्हा मला वाटलं होतं त्यापेक्षा ती फारच हलकी होती. डबीवर एक क्रमांक, एक तारीख आणि तपासण्यांच्या नोंदी. नाव नाही, गाव नाही, बाई की पुरुष तेही नाही.

बुधवार, २८ मे. शस्त्रक्रियेसाठी रक्ताच्या दोन पिशव्या लागल्या, गावातले दोघे आदल्या दिवशीच येऊन रक्त देऊन गेले होते. सकाळी नऊला आईला आत नेलं, साडेबाराला बाहेर आणलं. मेलेली कातडी पातळ पातळ थरांनी कापत खाली रक्त दिसेपर्यंत जायचं, मग ग्लिसरॉल धुऊन काढलेली त्वचा पसरायची आणि स्टेपलच्या बारीक पिनांनी टाचायची, असं ते काम.

३१ तारखेला पहिल्यांदा पट्टी उघडली. सिस्टरनी मला आत थांबू दिलं. मला भीती वाटत होती तसं काहीच नव्हतं. फिकट पिवळसर, ओल्या फणसाच्या पातीसारखा पातळ थर, पायाला घट्ट चिकटलेला. वास नव्हता. मी दोनदा वाकून वास घेतला. हिरवा डाग फक्त डाव्या घोट्याच्या मागे, रुपयाएवढ्या दोन जागी. तिथे त्वचा सुटून आली होती. सर्जन म्हणाले, "हीच परीक्षा असते. जिथे जंतू कमी तिथे ती धरते, जिथे पू आहे तिथे सोडते. म्हणजे आपल्याला कळतं जखम कुठे तयार आहे आणि कुठे नाही." चिकटलेल्या त्वचेखाली रक्तातल्या फायब्रिन नावाच्या चिकट प्रथिनाचा थर धरतो, मोकळी जागा उरत नाही, आणि शरीराच्या पांढऱ्या पेशींना उरलेसुरले जंतू गाठता येतात. त्या दोन जागा साफ करून उरलेल्या तुकड्यांतून पुन्हा झाकल्या.

आणि ते ड्रेसिंग वीस मिनिटांत संपलं. आईचा हरिपाठ पाचव्या अभंगावर होता, ती तिथेच थांबून म्हणाली, "झाला?" मला वाटतं, या सगळ्या प्रक्रियेत मला सगळ्यात जास्त कशाबद्दल कृतज्ञता वाटते तर या एका शब्दाबद्दल. उघडे पडलेले मज्जातंतू झाकले गेले होते. जूनच्या पहिल्या आठवड्यात ताप शंभराच्या खाली आला आणि महागडं इंजेक्शन बंद झालं.

याच दिवसांत योजनेचे कागद चालले होते. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत भाजल्यावरचे उपचार आहेत आणि आता ती रेशनकार्डाच्या रंगावर अडत नाही. पण रुग्णालय योजनेत अंगीकृत हवं. पहिलं नव्हतं, हे मी आठ दिवस विचारलंच नव्हतं. दाखल करण्याआधी विचारायचा पहिला प्रश्न हा असू द्या आणि दुसरा प्लास्टिक सर्जनचा. कोल्हापूरच्या रुग्णालयात तळमजल्यावर आरोग्यमित्राची, म्हणजे योजनेच्या मदतनीसाची, खिडकी होती. तिथल्या मुलाने तातडीची नोंद लगेच केली, कागद मागाहून आणायला सांगितले. मग कळलं की आमच्या रेशनकार्डावर आईचं नाव छापलेलं आहे, पण ऑनलाइन नोंदीत नाही. माझ्या नवऱ्याने तालुक्याला पुरवठा शाखेत दोन खेपा घालून ते चढवून घेतलं, तिसऱ्या दिवशी दिसायला लागलं. तुमच्या घरातल्या सगळ्यांची नावं ऑनलाइन आहेत का, हे आजच बघून ठेवा, रुग्णालयाच्या जिन्यात उभं राहून बघायची वेळ येऊ देऊ नका. दोन्ही शस्त्रक्रिया आणि खाटेचा खर्च योजनेत बसला. त्वचापेढीची पावती, बाहेरून आणलेली काही औषधं, आमचं राहणं, हे हातचं गेलं. समोरच्या गल्लीत दिवसाला ५०० रुपयांत खोली मिळाली होती.

दुसरी लढाई जेवणाची. भाजलेल्या शरीराला दुपटी-तिपटीने प्रथिनं लागतात. आहारतज्ज्ञ बाईंनी रोज सहा अंडी लिहून दिली. आईने कागद परत केला. त्या रागावल्या नाहीत. बसून नवा कागद लिहिला: पनीर, दही, मूग, शेंगदाण्याचा कूट, सोयाबीनच्या पिठाची धिरडी, दुधात प्रथिनांची पावडर. दर दोन तासांनी थोडं थोडं. आईला भूक नव्हती, तरी औषध म्हणून घोट घोट गिळायची.

परक्या माणसाची त्वचा कायमची राहत नाही. शरीर तिला ओळखतं आणि दोन-तीन आठवड्यांत नाकारायला लागतं. तोवर खालची जखम लालबुंद, स्वच्छ, दाणेदार व्हायला हवी. १६ जूनला माझी शाळा सुरू झाली, मी रजा वाढवली. १७ चा कल्चर रिपोर्ट बरा आला. १९ जूनला, गुरुवारी, ती त्वचा काढून तिथे आईच्याच मांडीची त्वचा लावली. पातळ थर सोलून, यंत्रातून जाळीसारखी करून, म्हणजे थोडी जास्त जागा झाकते.

आदल्या दिवशी सिस्टर मला म्हणाल्या, "तुम्ही कोकणातल्या ना? कोवळी केळीची पानं मिळतील का, न फाटलेली?" मला आधी वाटलं, जेवणासाठी. मांडीची जिथून त्वचा काढतात त्या जागेवर लावायला हवी होती. मुंबईत सायन रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी केळीच्या पानाच्या ड्रेसिंगवर काम करून ते २००३ मध्ये प्रसिद्ध केलेलं आहे. पान गॉजवर चिकटवून, गुंडाळून, ऑटोक्लेव्हमध्ये वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक करतात. गुळगुळीत असल्यामुळे ते जखमेला चिकटत नाही आणि काढताना दुखत नाही. त्याही आधी मुंबईतच डॉ. केसवानी यांनी बटाट्याच्या उकडलेल्या सालींचं ड्रेसिंग बनवलं होतं. सजीवातून मिळतं पण सजीव नाही, असा हा आणखी एक प्रकार. घरच्या घरी पान तोडून जखमेवर लावायचं मात्र नाही, त्यावरचे जंतू जखमेत जातील. आमच्या मागीलदारची चार पानं सकाळच्या एसटीने कोल्हापूरला पोचली. आईला सांगितलं तेव्हा तिला हे सगळ्यात जास्त पटलं.

२४ जूनला पट्टी उघडली. जाळीच्या भोकांमधून गुलाबी कड भरत होती. डाव्या घोट्यामागचा तेवढा तुकडा धरला नाही, तो पुढे पट्ट्यांवरच भरला, त्याला ऑगस्ट उजाडला. शनिवार, ५ जुलैला सुट्टी मिळाली. दुसऱ्या दिवशी आषाढी होती.

घरी आल्यावरचं काम लांबलचक आहे आणि त्याबद्दल कुणी आधी बोलत नाही. गुडघा वाकवून उशीवर ठेवला की बरं वाटतं, पण ज्या स्थितीत आराम वाटतो त्याच स्थितीत पाय आखडतो. म्हणून उशी काढून टाकावी लागली. रोज दोनदा व्यायाम. घट्ट मापाचे दाब देणारे मोजे, दिवसाचे तेवीस तास, निदान वर्षभर. दोन जोड ९,६०० रुपयांना पडले. एक धुवायला, एक घालायला. कोकणच्या दमटपणात ते मोजे ओले राहतात आणि खाज सुटते. खाज रात्री इतकी असते की आई अंगणात फेऱ्या घालते. डॉक्टरांनी गोळी दिली आहे, आणि त्या एका तासात मी खोबरेल तेल चोळून देते. बोटांना जाळीची नक्षी लागते, चाळणीवर हात फिरवल्यासारखी.

ऑगस्टमध्ये आईने त्वचादानाचा अर्ज मागवायला लावला. माझा आणि दादाचाही भरला. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत त्वचा घ्यावी लागते. वय अठराच्या वर, वरची मर्यादा नाही. रक्तगट जुळावा लागत नाही. मधुमेह, रक्तदाब चालतो. एचआयव्ही, कावीळ ब आणि क, त्वचेचा कर्करोग, अंगात पसरलेला जंतुसंसर्ग असला तर घेत नाहीत. मांड्या, पाय आणि पाठीवरचा अगदी वरचा पातळ थर, अर्ध्या-पाऊण तासाचं काम, रक्त वाहत नाही, वर पट्टी बांधून देह परत देतात. जवळच्या नातेवाइकाची संमती लागते, म्हणून अर्ज भरून कपाटात ठेवण्यापेक्षा घरात बोलून ठेवणं जास्त महत्त्वाचं. अडचण अंतराची आहे. देवगडपासून त्वचापेढीचं पथक सहा तासांत येऊन पोचणं अवघड. मी फोनवर विचारलं तेव्हा पलीकडच्या बाई म्हणाल्या, "तरी फोन करा. रात्र असली तरी करा." तो क्रमांक आम्ही पडवीतल्या कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवला आहे.

२१ सप्टेंबरला सर्वपित्री अमावास्या होती. ज्यांची तिथी माहीत नाही त्यांचाही म्हाळ त्या दिवशी घालतात. आईने पहिल्यांदाच स्वयंपाकघरात तीन तास उभं राहून काम केलं, मध्येमध्ये स्टुलावर बसत. वाडी वाढायला केळीची पानं मांडली तेव्हा एक पान जास्त होतं. चुलतभावाने विचारलं, "ह्या पान कोणाचा?"

"जेच्या कातडीन माका तारल्यान, तेचा," आई म्हणाली, आणि त्या पानावर आधी वाढलं. भात, वरण, काळ्या वाटाण्याची आमटी, वडे, खीर. ते पान उचलून तिने स्वतः माडाखाली नेऊन ठेवलं. कावळा यायला पाऊण तास लागला. तोवर ती पडवीच्या पायरीवर मोज्यांतले पाय लांब करून बसून राहिली.